पाहायला शिकवणारी रेषा

सुरत शहराच्या दक्षिणेकडील पांडेसरा या औद्योगिक वसाहतीत धाग्याचा रिकामा कोन ही अगदी सामान्य वस्तू. यंत्रमागावरचा धागा संपला की मागे उरणारे हे पुठ्ठ्याचे निमुळते नळकांडे तिथल्या माणसाने हजारदा हाताळलेले असते. हा कोन टेबलावर उभा ठेवावा आणि पूर्वी कधी चित्र न काढलेल्या दहा जणांना तो काढायला सांगावा. बहुतेकांच्या कागदावर कोनाचे तोंड जवळजवळ पूर्ण गोल उमटते आणि तळ मात्र पट्टीने आखल्यासारखा सरळ. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. अगदी वरून पाहिले तर तोंड गोल दिसेल, पण मग तळही गोलच दिसेल. अगदी समोरून, डोळ्याच्या पातळीवर धरून पाहिले तर तोंड मिटून एका रेषेत येईल.

ही चूक हाताची नाही. काढणाऱ्याने समोरचा कोन काढलेलाच नसतो, मनातला काढलेला असतो. तोंड गोल असते हे त्याला माहीत आहे, वस्तू टेबलावर सपाट बसते हेही माहीत आहे, आणि ही माहिती डोळ्यांनी दिलेल्या साक्षीवर मात करते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट थाउलेस यांनी १९३१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हीच गोष्ट मोजून दाखवली होती. तिरकी ठेवलेली गोल चकती माणसाला कशी दिसते हे तपासले असता, डोळ्यात प्रत्यक्ष पडणाऱ्या प्रतिमेपेक्षा ती अधिक गोल भासते असे त्यांना आढळले. व्यवहारात ही सवय उपकारक आहे. ताट कोणत्याही कोनातून पाहिले तरी ते ताटच आहे हे क्षणात ओळखता येते. चित्र काढायला बसल्यावर मात्र तीच सवय आडवी येते. मुक्तहस्त चित्रणाचे, म्हणजे पट्टी-कंपासाची मदत न घेता केवळ डोळा आणि हात यांच्या भरवशावर केलेल्या रेखाटनाचे, प्राथमिक शिक्षण इथून सुरू होते.

पांडेसऱ्यात हा प्रश्न का महत्त्वाचा

उधना, लिंबायत, डिंडोली आणि पांडेसरा या सुरतेच्या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून तापीच्या खोऱ्यातून उधन्याला येणारा लोहमार्ग हा त्यांचा जुना रस्ता. सुरत महानगरपालिकेच्या शाळांत गुजरातीबरोबर हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू यांच्याप्रमाणे मराठी माध्यमाचीही सोय आहे. महाराष्ट्राच्या सीमेबाहेर राहून मराठीत शिकणे आणि वाचणे म्हणजे काय, हे गोव्यातील वाचकाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

पांडेसऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत प्रामुख्याने कृत्रिम धाग्याचे कापड रंगवणारे आणि छापणारे कारखाने आहेत. तिथल्या बोलण्यात त्यांना नुसते ‘मिल’ म्हणतात. इथले कापड देशभर जाते. म्हापशाच्या किंवा मडगावच्या दुकानात घडी उलगडून दाखवली जाणारी छापील साडी सुरतेहून आलेली असण्याची शक्यता मोठी. त्या साडीवरची वेल, बुट्टी, कोयरी ही कधीतरी कुणीतरी आधी रेखाटलेली असते. मिलमध्ये ताके उचलणारा आणि तीच नक्षी रेखाटणारा, दोघेही एकाच उद्योगात असतात. पण एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाणारे फार थोडे.

याला पैसा, वेळ, शिक्षण अशी अनेक कारणे आहेत. अनेक कारखान्यांत पाळी बारा तासांची असते आणि कामगाराच्या घरात संध्याकाळचा मोकळा तास सहज सापडत नाही. परंतु या सर्वांच्या आधी एक समजूत वाट अडवते: चित्रकला उपजत असावी लागते, ती ज्याच्या हातात असते त्याच्याच हातात असते. शाळेत दोन-चार मुलांना ‘चांगली चित्रे काढणारी’ असा शिक्का मिळतो आणि बाकीची त्याच दिवशी पेन्सिल खाली ठेवतात. पुढे कधी चित्रवर्गात जावेसे वाटले तरी ती जात नाहीत. प्रतिभा उपजत असू शकते. मुक्तहस्त चित्रणाची मूलतत्त्वे मात्र अक्षरओळखीइतकीच शिकवता येण्याजोगी आहेत, आणि ती क्रमाने शिकवण्याची परंपरा आपल्याकडे दीडशे वर्षांहून जुनी आहे.

उद्योगासाठी सुरू झालेली शिकवण

मुंबईत १८५७ साली सर जमशेदजी जीजीभॉय यांच्या देणगीतून कलाशाळा सुरू झाली. आज ती ‘जे. जे.’ या दोन अक्षरांनी ओळखली जाते. पण तिच्या मूळ नावात कलेच्या जोडीने उद्योगालाही स्थान होते. त्याआधी वीस वर्षे, १८३७ मध्ये, लंडनमध्ये सरकारी डिझाइन शाळा निघाली होती, तीही कापड, भांडी अशा कारखान्यांना नक्षीकार हवेत म्हणून. तेथील अभ्यासक्रमाची शिस्त भारतात आली. आधी सरळ रेषा, मग वक्र, मग सपाट नमुन्यांची नक्कल आणि शेवटी घन वस्तूंचे चित्रण, असा तो क्रम. या पद्धतीवर टीकाही झाली. विद्यार्थी नमुना घोटतो, पण पाहत नाही, हा तिचा आशय. पुढे प्रत्यक्ष वस्तूवरून आणि प्रत्यक्ष माणसावरून काढण्याला महत्त्व मिळत गेले, त्यामागे हा अनुभव होता.

जे. जे.च्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. पांडेसऱ्यातील अनेक कुटुंबांचे मूळ ज्या खानदेशात, त्याच्या दक्षिण सीमेवरच्या डोंगररांगेत ही लेणी आहेत. गोव्याचे अँतोनियो झेवियर त्रिंदाद (१८७०–१९३५) याच कलाशाळेत शिकले आणि पुढे तिथेच शिक्षक झाले; त्यांच्या चित्रांचा संग्रह पणजीत फुंदासांव ओरियंतमध्ये आहे. गुजरातेत १९५० साली बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललितकला विद्याशाखा सुरू झाली, तेव्हा चित्रकला विभागाची धुरा इंदूरच्या मराठी घरात जन्मलेल्या नारायण श्रीधर बेंद्रे यांच्याकडे आली.

शाळकरी पातळीवर हीच परंपरा ‘एलिमेंटरी’ आणि ‘इंटरमिजिएट’ या दोन चित्रकला परीक्षांमधून घरोघरी पोहोचली. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन हे शब्द मराठी घरांत या परीक्षांमुळेच रुळले. गुजरातेतही राज्य परीक्षा मंडळ अशाच दोन टप्प्यांच्या चित्रकला परीक्षा घेते. म्हणजे पांडेसऱ्यातील मराठी माध्यमाच्या मुलासाठी दार आहे. त्या दारापर्यंत नेणारा पायाभूत अभ्यास नीट होतो का, हा खरा मुद्दा.

पहिला धडा: बसणे, धरणे, ओढणे

प्राथमिक वर्गात पहिल्या दिवशी चित्र काढले जात नाही आणि यावर नवा विद्यार्थी हिरमुसतो. आधी बसणे शिकवले जाते. कागद टेबलावर सपाट ठेवला तर त्याची वरची कड डोळ्यांपासून दूर जाते आणि चित्र नकळत वरच्या बाजूला लांबट होते. म्हणून कागद लावलेला बोर्ड मांडीवर घेऊन वरची कड टेबलाला टेकवावी, जेणेकरून कागद डोळ्यांसमोर तिरका उभा राहील. वस्तू आणि कागद यांच्यामध्ये नजर फिरवताना मान फार वळवावी लागू नये, हा त्यामागचा दुसरा हेतू.

मग पेन्सिल धरणे. लिहिताना आपण बोटे आणि मनगट हलवतो. त्या हालचालीतून दोन-तीन इंचांपलीकडची रेषा सलग येत नाही, ती तुकड्यातुकड्यांनी जोडावी लागते आणि केसाळ दिसते. चित्रासाठी पेन्सिल टोकापासून थोडी मागे, सैल धरून खांद्यातून हात फिरवायचा असतो. कागदावर दोन ठिपके द्यावेत, हात कागदाला न टेकवता दोन-तीनदा हवेतच ती वाट फिरवून पाहावी आणि मग एका दमात रेषा ओढावी. रेषा ओढताना नजर पेन्सिलीच्या टोकावर न ठेवता जिथे पोहोचायचे त्या ठिपक्यावर ठेवावी. सायकल शिकताना पुढच्या चाकाकडे पाहिले की तोल जातो, तसेच हे.

उभ्या, आडव्या, तिरक्या समांतर रेषा, मग अर्धवर्तुळाकार वळणे, मग लंबवर्तुळे, असा हा सराव आठवडाभर चालतो. या काळात खोडरबर वापरू न देण्याची पद्धत अनेक शिक्षक पाळतात. चुकलेली रेषा खोडली की पुन्हा जवळपास तीच चूक होते, कारण तुलना करायला समोर काहीच उरत नाही. चुकलेली रेषा तशीच ठेवून तिच्या शेजारी दुसरी ओढली की पहिली किती आणि कोणत्या दिशेने चुकली ते दिसते.

दुसरा धडा: अंदाज नव्हे, मोजमाप

मुक्तहस्त म्हणजे बेहिशेबी, असा अनेकांचा गैरसमज असतो. प्रत्यक्षात हे चित्रण हिशेबावरच उभे असते; पट्टीऐवजी पेन्सिल आणि डोळा हा हिशेब करतात, इतकेच. हात कोपरात न वाकवता समोर ताठ धरावा, एक डोळा मिटावा, पेन्सिलीचे टोक वस्तूच्या एका कडेशी जुळवावे आणि अंगठ्याचे नख दुसऱ्या कडेपर्यंत सरकवावे. हे झाले एक माप. समजा, कोनाच्या तळाची रुंदी अशी घेतली आणि तेच माप उंचीवर अडीच वेळा बसले. आता कागदावर कोन लहान काढा की मोठा, उंची रुंदीच्या अडीचपटच यायला हवी. हात मध्येच वाकला तर पेन्सिल डोळ्याच्या जवळ येते आणि माप बदलते. नवशिक्यांची प्रमाणे बिघडण्याचे हे सर्वांत सामान्य कारण.

पेन्सिल उभी धरून दोन बिंदू एकाच ओळंब्यात येतात का, आडवी धरून एका उंचीवर येतात का, हेही तपासता येते. गवंड्याच्या हातातील ओळंबा भिंतीला जे काम करतो, तेच इथे पेन्सिल करते. भारतीय परंपरेत चित्राची सहा अंगे सांगितली आहेत आणि यशोधराने कामसूत्रावरील टीकेत त्यांचा उल्लेख केला आहे. त्यांतील रूपभेद, प्रमाण आणि सादृश्य ही तीन अंगे प्राथमिक वर्गाचा अभ्यासक्रमच सांगतात: आकार ओळखणे, मापे जुळवणे आणि समोर दिसते त्याच्याशी साम्य साधणे.

तिसरा धडा: वस्तूच्या आत आणि बाहेर

मापानंतर रचना येते. कोणतीही गुंतागुंतीची वस्तू पेटी, नळकांडे, शंकू आणि गोल या चार घनांच्या साहाय्याने उलगडता येते. चहाची किटली म्हणजे चेपलेला गोल, त्यावर लहान नळकांडे, बाजूला निमुळती तोटी. ऑटोरिक्षा म्हणजे पुढून कापलेली पेटी. तपशिलांत शिरण्याआधी हे घन फिकट रेषांनी मांडायचे आणि वस्तूची न दिसणारी मागची बाजूही काचेची असल्यासारखी काढून पाहायची. याच पायरीवर सुरुवातीच्या कोनाचा प्रश्न सुटतो. वर्तुळ तिरके झाले की लंबवर्तुळ दिसते. डोळ्याच्या पातळीजवळचे अरुंद, पातळीपासून खाली जाईल तसे अधिक रुंद. म्हणून टेबलावरच्या कोनाचा तळ हा तोंडापेक्षा अधिक वळलेला असायला हवा. तो सरळ तर असूच शकत नाही. हे एकदा उमगले की तांब्या, बालदी, समई, माठ अशा असंख्य वस्तू आपोआप हाती येतात.

दुसरी वाट बाहेरून येते. अमेरिकन शिक्षक किमॉन निकोलाइडिस यांच्या १९४१ साली, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाने कडारेषेचा एक सराव जगभर पोहोचवला. नजर वस्तूच्या कडेवरून मुंगीच्या गतीने चालवायची, त्याच गतीने पेन्सिल कागदावर चालवायची आणि शेवटपर्यंत कागदाकडे पाहायचे नाही. उमटणारे चित्र वेडेवाकडे असते आणि वर्गात हशा पिकतो. पण त्यातील एखादा तुकडा, हाताच्या नखाजवळची घडी किंवा कापडाची चुणी, विलक्षण खरी असते. बेटी एडवर्ड्स यांनी १९७९ च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात वस्तूभोवतीची मोकळी जागा काढण्यावर भर दिला. खुर्ची काढण्याऐवजी तिच्या पायांमधील रिकामे आकार काढायचे. खुर्ची कशी असते हे मनाला माहीत आहे. त्या रिकाम्या आकारांबद्दल मात्र त्याची काहीच पूर्वकल्पना नसते, म्हणून तिथे डोळ्याचे ऐकले जाते. मेंदूच्या उजव्या-डाव्या भागांबद्दलची त्यांची मांडणी आज फार ढोबळ मानली जाते, परंतु सराव म्हणून ही युक्ती कसास उतरली आहे.

चौथा धडा: नजरेची पातळी आणि उजेड

पांडेसऱ्यातील मिलच्या सरळ रस्त्यावर उभे राहिले की यथार्थदर्शनाचा पाठ पुस्तकाशिवाय मिळतो. दोन्ही बाजूंच्या शेडच्या छपरांच्या कडा दूर जाताना खाली उतरतात, गटाराच्या कडा वर चढतात आणि सगळ्या रेषा समोर, पाहणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर, एका बिंदूकडे धावतात. खाली बसले तर तो बिंदू खाली येतो, जिना चढून गच्चीवर गेले तर वर जातो. इटलीत लिओन बात्तिस्ता अल्बेर्ती यांनी १४३५ मध्ये याचे नियम लिहून ठेवले. नवशिक्याला ते सगळे पाठ असण्याची गरज नाही. आपली नेत्रपातळी कागदावर कुठे आहे हे आधी ठरवायचे आणि तिच्या वरच्या रेषा खाली व खालच्या रेषा वर झुकतात एवढे लक्षात ठेवायचे.

यानंतर छायाप्रकाश. यासाठी खोलीतील ट्यूबलाइट बंद करून एकाच खिडकीचा किंवा एकाच दिव्याचा उजेड घ्यावा लागतो. चारी बाजूंनी प्रकाश आला की छायाच उरत नाही. डोळे किलकिले केले की तपशील पुसट होतात आणि उजेड-अंधाराचे मोठे तुकडे दिसू लागतात. गोल वस्तूवर पाच गोष्टी शोधायच्या: थेट उजेड, मध्यछटा, सर्वांत गडद छाया, कडेजवळ टेबलावरून परत उसळलेला मंद उजेड आणि जमिनीवरची पडछाया. नवशिका बहुधा कडच सर्वांत काळी करतो आणि गोल चपटा होतो. तो परत उसळलेला उजेड राखला की कागदावरचा आकार फुगून वर येतो. हा क्षण वर्गातील सर्वांच्या लक्षात राहतो.

या सगळ्याच्या जोडीने चालतात ती जलद रेखाटने. चहाच्या टपरीवर टेकलेला माणूस, ताका खांद्यावर घेतलेला कामगार, रिक्षाची वाट पाहणारी बाई. अर्ध्या मिनिटात चेहरा किंवा बटणे येत नाहीत. भार कोणत्या पायावर आहे, पाठीचा कणा कुठे वळला आहे, एवढेच येते आणि तेच हवे असते. घरी गेल्यावर तोच माणूस न पाहता काढायचा. यालाच आपण स्मरणचित्र म्हणतो.

जिथे बहुतेक जण थांबतात

या क्रमात एक अवघड वळण येते आणि त्याची पूर्वसूचना विद्यार्थ्याला क्वचितच दिली जाते. काही आठवड्यांच्या सरावानंतर डोळा हातापेक्षा वेगाने तयार होतो. पहिल्या दिवशी सरळ तळाचा कोन काढून विद्यार्थी खूश होता, कारण त्यात काय चुकले हे त्याला दिसतच नव्हते. आता चित्र आधीपेक्षा कितीतरी चांगले येते, पण त्यातील दहा चुका त्याला स्पष्ट दिसतात. त्याला वाटते, आपली अधोगती होत आहे. ‘हे आपल्या हातात नाही’ ही जुनी समजूत नेमकी याच वेळी परत येते आणि तो वर्ग सोडतो. दिवसभर पाळी करून आलेला, किंवा ‘यातून काय मिळणार’ या घरच्या प्रश्नाला तोंड देऊन आलेला विद्यार्थी तर अधिकच लवकर सोडतो.

यावर उपाय साधे आहेत. प्रत्येक कागदावर तारीख घालायची आणि एकही कागद फेकायचा नाही. महिन्यातून एकदा तीच वस्तू त्याच जागी ठेवून पुन्हा काढायची आणि कागद शेजारी-शेजारी मांडायचे. शिक्षकाने विद्यार्थ्याच्या चित्रावर स्वतःची रेषा ओढू नये. कागदाच्या कोपऱ्यात किंवा वेगळ्या तुकड्यावर काढून दाखवावे, म्हणजे चित्र विद्यार्थ्याचेच राहते. ‘छान’ किंवा ‘चुकले’ या शब्दांऐवजी ‘तळाची रुंदी पुन्हा मोज’ असे करता येण्याजोगे सांगावे. वर्गातील हुशार विद्यार्थ्याचे चित्र फलकावर लावण्यापेक्षा एकाच विद्यार्थ्याची पहिल्या आणि आठव्या आठवड्यातील दोन चित्रे लावणे अधिक फलदायी ठरते. डोळा पुढे गेला आहे, हात येतो आहे, एवढे योग्य वेळी सांगणारे कुणी असले तर पुष्कळ विद्यार्थी टिकतात.

रेषेपासून साडीपर्यंत

संगणक आल्यावर या सगळ्याची गरज काय, हा प्रश्न पांडेसऱ्यात हमखास विचारला जातो आणि तो रास्त आहे. पूर्वी साडीच्या नक्षीतील प्रत्येक रंगासाठी पारदर्शक कागदावर हाताने वेगळे ट्रेसिंग करावे लागे आणि त्यावरून प्रत्येक रंगाची वेगळी स्क्रीन तयार होई. आता रंग वेगळे करण्याचे काम संगणकावर होते आणि डिजिटल छपाईत तर स्क्रीनच लागत नाही. ट्रेसिंग करणाऱ्या हाताचे काम त्यामुळे कमी झाले, हे मान्य करावे लागेल. मुक्तहस्त चित्रण शिकले म्हणजे डिझाइनच्या टेबलावर नोकरी ठरलेली, असे आश्वासन कुणी देऊ नये.

पण संगणकाला काय करायचे हे सांगणाऱ्या माणसाचा डोळा कुठे घडतो, हाही प्रश्न आहे. फिरत्या गोल स्क्रीनचा घेर बहुधा ६४ सेंटिमीटर असतो; नक्षी तेवढ्या अंतरात पूर्ण होऊन पुन्हा स्वतःला जोडली गेली पाहिजे, नाहीतर साडीवर ठरावीक अंतराने जोड दिसतो. वेलीची लय जोडाच्या जागी अडखळते आहे, बुट्ट्यांमधील रिकाम्या जागेचा पट्टा पडला आहे, पदराच्या वजनापुढे काठ हलका झाला आहे, हे ओळखणारी नजर वस्तूभोवतीच्या रिकाम्या जागा काढून, मापे जुळवून आणि वळणे गिरवूनच तयार होते. तयार चित्रांच्या ढिगातून निवड करायची असली तरी ती नजर लागतेच. आणि जो डिझाइनर होणार नाही, त्यालाही शिलाई, सुतारकाम, फॅब्रिकेशन, अक्षररंगाई अशा कोणत्याही कामात हाताने चटकन आकृती काढून दाखवता येणे हे मोलाचे भांडवल आहे.

गोव्यातील घराच्या अंगणात

गोव्यात या रेषेची स्वतःची परंपरा आहे. काही जुन्या मंदिरांच्या भिंतींवर दिसणाऱ्या कावी कलेत चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर लाल काव चढवून ती टोकदार हत्याराने कोरून काढतात आणि खालचा पांढरा थर उघडा करतात. गिलावा वाळण्याच्या आत काम संपवावे लागते आणि कोरलेली रेषा खोडता येत नाही. खोडरबराविना रेषा ओढण्याचा आग्रह धरणाऱ्या शिक्षकाचे म्हणणे कावीच्या कारागिराला समजावून सांगावे लागले नसते. १९७२ साली स्थापन झालेले गोवा कला महाविद्यालय पणजीच्या आल्तिनोवर आहे. पण तिथवर पोहोचण्याआधीच पेन्सिल खाली ठेवणाऱ्यांचा प्रश्न पांडेसऱ्यात जसा आहे तसाच इथेही आहे.

ज्यांना वर्ग गाठणे शक्य नाही त्यांना सुरुवात घरीच करता येते. लागते ते थोडेच: एक एचबी आणि एक फोरबी पेन्सिल, क्लिप लावलेला जाड पुठ्ठा, साधे कागद. रोज वीस मिनिटे पुरेशी आहेत, आठवड्यातून एकदाच तीन तास बसण्यापेक्षा ती बरी. पहिली पाच मिनिटे रेषा आणि लंबवर्तुळे, पुढची दहा मिनिटे एकच वस्तू मापे घेऊन, शेवटची पाच मिनिटे खिडकीतून दिसणाऱ्या हलत्या माणसांची जलद रेखाटने. वस्तू म्हणून नारळ, तांब्या, समई, दाराशी काढून ठेवलेली चप्पल, काहीही चालेल. मात्र महिनाभर त्यातली एक तरी वस्तू तीच ठेवावी. छायाचित्रावरून काढण्याचा मोह सुरुवातीला टाळावा, कारण घन वस्तूला कागदावर सपाट करण्याचे जे काम शिकायचे आहे, ते कॅमेऱ्याने आधीच उरकलेले असते.

आणि सर्वांत आधी, काहीही न शिकता, एक वस्तू जशी येईल तशी काढून, तारीख घालून तो कागद जपून ठेवावा. तीन महिन्यांनी तो बाहेर काढावा. त्या दिवशी मनाला जे माहीत होते ते त्या कागदावर असेल. डोळ्यांना जे दिसू लागले आहे ते नव्या कागदावर. ‘माझ्या हातात कला नाही’ हे वाक्य खरे की खोटे, याचा निकाल त्या दोन कागदांवरूनच लावावा.